‘तुमचा बांधाच तसा आहे’

प्रश्न : माझं वय 34, उंची 160 सें.मी. आणि वजन सध्या 72 किलो. चार महिन्यांपूर्वी जिम लावली. पहिल्याच दिवशी तिथल्या प्रशिक्षकांनी मला पाहून सांगितलं, ‘तुम्ही एंडोमॉर्फ आहात, तुमचं वजन सहजी उतरायचं नाही.’ झालंही तसंच. चार महिन्यांत जेमतेम दीड किलो कमी झालं. माझी आई आणि मावशी याच अंगाच्या. धाकटी बहीण माझ्याइतकंच जेवते, व्यायामाचं नाव घेत नाही, तरी खाल्लेलं तिच्या अंगी लागत नाही. शरीराचा प्रकार जन्मतःच ठरलेला असेल, तर मी घाम गाळण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला ‘पाहून’ हा शब्द मला खटकला. टेप लावली नाही, चरबीची घडी मोजली नाही, नुसतं पाहिलं आणि पुढच्या चार महिन्यांचा निकाल सांगून टाकला. असं एकदा माझ्या हातूनही झालं आहे. 22 वर्षांपूर्वी मी नुकतीच व्यायाम शिकवायला लागले होते. सोळा वर्षांची एक मुलगी लांब पल्ल्याचं धावणं शिकायला आली. रुंद बांधा, भरलेल्या पोटऱ्या. मी तिला म्हणाले, ‘तुझं अंग गोळाफेकीचं आहे.’ ती पुन्हा आली नाही. तिने धावणं सोडलं की माझ्याकडे येणं, हे मला कधीच कळलं नाही. म्हणून तुम्हाला जरा सविस्तर लिहिते.

‘एंडोमॉर्फ’ आणि त्याच्या जोडीचे शब्द 1940 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी रूढ केले. कॉलेजातल्या हजारो तरुणांचे फोटो पाहून त्यांनी बांध्याचे तीन घटक मानले. गोलाई म्हणजे एंडोमॉर्फी, हाडामांसाची मजबुती म्हणजे मेसोमॉर्फी आणि सडपातळपणा म्हणजे एक्टोमॉर्फी. प्रत्येक माणसाला तिन्हींचे 1 ते 7 असे गुण द्यायचे. म्हणजे खुद्द शेल्डन यांच्या हिशेबातही प्रत्येकाच्या अंगात तिन्ही घटक कमीअधिक असतातच. बांध्यावरून ते स्वभावही सांगत. तो भाग शास्त्राने पुढे टाकून दिला, पण माणसाचा प्रकार आयुष्यभर बदलत नाही हे त्यांचं म्हणणं जिममध्ये अजून ऐकू येतं.

त्यांच्या सहकारी बार्बरा हीथ यांनाच ते पटलं नाही. लिंडसे कार्टर यांच्यासोबत 1967 मध्ये त्यांनी नवी पद्धत मांडली, आणि खेळाडूंसाठी आजही तीच वापरतात. तिला दहा मापं लागतात : उंची, वजन, चार ठिकाणच्या चरबीच्या घड्या, कोपर आणि गुडघ्याच्या हाडांची रुंदी, दंड आणि पोटरीचा घेर. आता तुमचेच आकडे घेऊ. सडपातळपणाचा गुण फक्त उंची आणि वजनावरून निघतो. 160 सें.मी. आणि 72 किलोला तो साधारण 0.2 येतो. वजन 64 वर आलं की तोच 0.9 होतो. गोलाईचा गुण दंडामागच्या, खवाट्याखालच्या आणि कमरेवरच्या घडीवरून काढतात. घड्या पातळ झाल्या की तोही उतरतो. थोडक्यात, एंडोमॉर्फ हे तुमच्या आजच्या चरबीलाच दिलेलं नाव आहे. चरबी आहे म्हणून ते नाव पडलं, आणि आता त्या नावामुळे चरबी हटत नाही असं तुम्हाला सांगितलं जातंय.

आई-मावशीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र खरं आहे, ते मी उडवून लावणार नाही. हाडांची रुंदी, खांदे आणि नितंबांची ठेवण, चरबी आधी कुठे साठते, यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. क्लोद बूशार यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकसारख्या जुळ्या तरुणांच्या 12 जोड्या होत्या. त्यांना 84 दिवस रोज 1000 कॅलरी जादा दिल्या. वजन सरासरी 8.1 किलोने वाढलं, पण कुणाचं 4.3 तर कुणाचं 13.3. आणि एका जोडीतले दोघे भाऊ बरेचसे सारखेच वाढले. तुमची बहीण सख्खी असली तरी आईवडिलांच्या जनुकांची वाटणी तुम्हा दोघींत वेगवेगळी झालेली आहे.

बहिणीबद्दल आणखी एक. 1999 मध्ये जेम्स लेव्हिन यांनी 16 जणांना आठ आठवडे असंच रोज 1000 कॅलरी जास्तीचं खायला घातलं. कुणाच्या अंगावर 0.36 किलो चरबी चढली, कुणाच्या 4.23 किलो. ज्यांची कमी वाढली, त्यांची व्यायामाबाहेरची हालचाल आपोआप वाढली होती : उठबस, येरझाऱ्या, नुसतं उभं राहणं. आठवडाभर बहिणीकडे या नजरेने बघा.

जनुकांच्या ताकदीचाही अंदाज असू द्या. वजनाशी संबंध असलेलं एफटीओ जनुक 2007 मध्ये सापडलं. त्याच्या वजन वाढवणाऱ्या दोन्ही प्रती असलेल्यांचं वजन इतरांपेक्षा सरासरी सुमारे तीन किलो जास्त भरतं, आणि अंगाला हालचाल असणाऱ्यांत हा परिणाम कमी होतो. तीन किलो, ताई, तीस नव्हे.

आता तुमचे चार महिने. या काळात वजनं उचलली असतील तर थोडं स्नायू वाढलं असेल आणि चरबी त्याहून जास्त गेली असेल. काट्यावर दोन्हींची वजाबाकीच दिसते. कमरेचं माप घेतलं होतं का? नसेल तर उद्याच घ्या. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, म्हणजे तुमच्यासाठी 80 सें.मी.च्या आत. थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या आणि पाळी अनियमित असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. दोन आठवडे जे खाल ते त्या क्षणी लिहून ठेवा. ‘कमी खाऊनही उतरत नाही’ म्हणणाऱ्यांचा 1992 मध्ये अभ्यास झाला, तेव्हा ते प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी खाणं नोंदवत होते. खोटं बोलायचा त्यांचा हेतू नव्हता, अंदाज चुकत होता. माझाही चुकतो, म्हणून मी लिहिते.

व्यायाम आठवड्याला किमान 150 मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल असा. शिवाय दोन दिवस ताकदीचा. कंबर, सकाळी उठल्याबरोबर मोजलेली नाडी आणि किती वजन किती वेळा उचललं, एवढं वहीत तारीख घालून मांडा. बारा आठवड्यांनी ते आकडे मला कळवा. प्रशिक्षकांनाही ती वही दाखवा.