कम्बस्टरमधले (ज्वलनकक्षातले) वायू मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राने मोजतोय, पण कार्बन मोनॉक्साइडचा आकडा भलताच जास्त येतो. यंत्र बिघडलंय का?

यंत्र बहुधा ठीक आहे, घोळ 28 या आकड्याचा आहे. नायट्रोजनचं वस्तुमान 28 आणि कार्बन मोनॉक्साइडचंही 28. हवेवर चालणाऱ्या ज्योतीत नायट्रोजन साधारण 70 टक्के. त्यात मोनॉक्साइड हुडकणं म्हणजे पोतंभर तांदळात एक खडा. वर यंत्रातल्या 70 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने कार्बन डायऑक्साइड फुटतो, त्याचाही तुकडा 28 वरच पडतो. नायट्रोजन आणि मोनॉक्साइडला वेगळं दाखवायला सुमारे 2500 रिझोल्यूशन (जवळजवळची वस्तुमानं वेगळी करण्याची क्षमता) लागतं, साध्या क्वाड्रुपोल प्रकारच्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या आवाक्याबाहेरचं. सरळ इन्फ्रारेड अ‍ॅनालायझर लावा नि मोनॉक्साइड त्यावर मोजा.

एकदा प्रोबही (ज्योतीतून वायू खेचणारी नळी) बघून घ्या. टोक पाण्याने थंड केलेलं हवं, नाहीतर वायू आतही जळत राहतो आणि तुम्ही ज्योत नव्हे, नळी मोजता. पुढची लाइन मात्र 100 अंशांच्या वर गरम, वाफेचं पाणी होऊ नये म्हणून. (एकाच नळीला दोन्ही लाड!)

दाब हलत असेल तर प्रत्येक सिग्नलला 40 या वस्तुमानावर दिसणाऱ्या आर्गॉनच्या सिग्नलने भागा. हवेत तो 0.93 टक्के असतो आणि जळत नाही.