कुठला कावळा?

प्रिय बाळा,

रविवारी फोनवर आजीने विचारलं, "काय गं, कावळा शिवला का?" आणि फोन ठेवल्यावर तू मला म्हणालीस, "बाबा, कुठला कावळा?" तेव्हा मी विषय टाळला. ते चुकलंच, म्हणून हे पत्र.

आजी तुझ्या पाळीबद्दल विचारत होती. आपल्याकडे पाळीला सरळ पाळी म्हणत नसत. 'बाहेरची झाली', 'अडचण आहे', आणि लहान मुलांना सांगायला 'कावळा शिवला'. मला ते खरंच वाटायचं. राजापूरच्या घरी दर महिन्याला तीन दिवस आई, म्हणजे तुझी आजी, मागच्या पडवीत बसायची. वेगळी घोंगडी, वेगळा तांब्या. ताटात भात वरून टाकायचे. मी धावत गेलो की ती हात मागे घ्यायची. पाच वर्षांचा असेन मी. चड्डीच्या खिशात खडे भरून परसातले कावळे हाकलत बसायचो, पुन्हा कोणी तिला शिवू नये म्हणून.

कावळा नसतोच. गर्भाशयात दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की ते रक्तासोबत बाहेर पडतं. त्यात अपवित्र काही नाही. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी १४व्या शतकातच विचारलं होतं, विटाळावाचून कोणता देह जन्माला आला? तरी पाळीतल्या 'दोषा'साठी बायका ऋषिपंचमीचा उपास करत राहिल्या. ऋषीची भाजी आपण दरवर्षी करू, मला फार आवडते. दोष फेडायला मात्र नाही.

पहिली एक-दोन वर्षं तारीख मागेपुढे होते, घाबरू नकोस. रक्त २ ते ७ दिवस जातं. पॅड ४ ते ६ तासांनी बदलायचं. ओटीपोटात कळा आल्या तर गरम पाण्याची पिशवी घे. तासा-दोन तासांत पॅड भिजायला लागलं तर लगेच सांग, आपण डॉक्टरांकडे जाऊ. इथे स्कॉटलंडमध्ये शाळेत पॅड फुकट मिळतात, २०२२ पासून तर तसा कायदाच आहे. हक्काने मागायचे. आणि घरात देवापाशी दिवा लाव, लोणच्याच्या बरणीत हात घाल, काही बिघडत नाही.

आजीवर रागावू नकोस. तुझी आई लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच महिन्यात आजीने पडवीतली घोंगडी उचलून ठेवली. म्हणाली, "माझं झालं तेवढं पुरे."

येत्या रविवारी ती पुन्हा विचारेल. "नाही आजी, अजून पाळी आली नाही," असं सरळ सांग. मग तिला पडवीतल्या दिवसांबद्दल विचार. माझ्या खड्यांचंही सांग. मी तिला ते कधी बोललोच नाही.

तुझा,
बाबा