जुनी मॅन्युअल गाडी घेतोय, गिअर अडकतो. दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा?

आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सहज पडतात आणि चालू केल्यावर अडकतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. खात्रीसाठी गाडी उभी, क्लच तळापर्यंत दाबून ४-५ सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही करकरला तर संशय पक्का. केबलचा क्लच असेल तर ॲडजस्टमेंट बघा. हायड्रॉलिक असेल तर क्लच फ्लुइडची पातळी, क्लच सिलिंडरची गळती आणि लाइनमधली हवा. हा खर्च त्यामानाने कमी.

इंजिन बंद असतानाही सगळेच गिअर जड जात असतील, तर गिअर केबल किंवा लिव्हरचे बुश तपासा.

एकच गिअर, बहुधा दुसरा, वरून खाली आणताना करकरतो? सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी कडी) झिजली. गिअरबॉक्स उघडावाच लागेल, किंमत त्या हिशेबाने पाडा. ॲक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप निसटत असेल तर मी ती गाडी घेऊ नका असंच सांगेन.

आणि ट्रायल इंजिन थंड असतानाच घ्या. विक्रेत्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. झिजलेला सिंक्रो थंड, घट्ट गिअर ऑइलमध्येच जास्त बोलतो.