आधी फ्लॉपीला बुरशी बघ, मग वर्डस्टार

अरे, काकांच्या सांगलीच्या ऑफिसातला पीसी मिळाला, हे झकास झालं. पण त्यावर वर्डस्टार (जुना लेखनाचा प्रोग्रॅम) चालवायचा, तर सॉफ्टवेअर शोधायच्या आधी मशीन सीपी/एमचं की डॉसचं (या दोन जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम), ते बघ. नवशिके हमखास इथंच चुकतात. वर्डस्टार १९७८ ला सीपी/एमवर आलं, डॉसची आवृत्ती नंतरची. एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नाही.

जुन्या फ्लॉप्या मिळाल्या तर लगेच ड्राइव्हमध्ये घालू नकोस. आपल्याकडच्या पावसाळ्यात चकतीवर बुरशी धरते. मधल्या लांबट खिडकीतून उजेडात बघ. पांढुरके ठिपके दिसले तर ती बाजूला ठेव, नाहीतर ड्राइव्हचं हेड (चकती वाचणारा भाग) खराब होतं. चांगली असेल तर सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाक, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. आधी कॉपी, मग प्रयोग.

डॉसचं वर्डस्टार तोवर डॉसबॉक्सवर (आजच्या संगणकावर जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) शिकून घे. सुरुवातीला एवढंच पुरे:
- सेव्ह: कंट्रोल केएस (कंट्रोल दाबून के, मग एस)
- ठळक: कंट्रोल पीबी, शब्दाच्या आधी आणि नंतर
- नवं पान: .पीए (रोमन लिपीत), टिंब ओळीच्या अगदी पहिल्या रकान्यात

जुनी फाइल नोटपॅडमध्ये उघडल्यावर शब्दांची शेवटची अक्षरं विचित्र दिसली तर घाबरू नकोस, ती वर्डस्टारचीच खूण. प्रिंटर ड्रायव्हरचं नंतर बघू.