पहिलं मृत्युपत्र लिहिताना

मालमत्ता फारशी नाही, मग घाई कशाला, असं तुम्ही विचारलंत. पण घरात अल्पवयीन मूल आहे ना? त्याचा सांभाळ कोणी करावा ही तुमची इच्छा लिहून ठेवायला तेवढं कारण पुरेसं आहे.

आधी यादी करा: खाती, विमा, शेअर, घर, दागिने आणि कर्जंसुद्धा, कारण देणी फेडून उरेल तेच वाटलं जातं. प्रत्येकापुढे मालकी एकट्याची की संयुक्त आणि नॉमिनी कोण, हे लिहा. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. नॉमिनी म्हणजे मालक असं धरून चालू नका. काही बाबतींत तो रक्कम फक्त ताब्यात घेतो, वारसांना द्यायला. काही बाबतींत मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो, पैसे त्यालाच मिळतात. माझ्या काकांचा लग्नाआधीचा नॉमिनेशन फॉर्म तसाच राहिला आणि काकूंना फार मनस्ताप झाला. तुमचे फॉर्म आजच काढून बघा.

साक्षीदार बहुतेक ठिकाणी दोन लागतात. ज्यांना वाटा मिळणार आहे त्यांची सही नको. अनेक देशांत त्यामुळे त्यांचा वाटाच रद्द होतो. ‘उरलेली सर्व मालमत्ता अमक्याला’ हे कलम घाला, नाहीतर नंतर घेतलेलं काहीतरी सुटतंच. तारीख टाका, आधीची मृत्युपत्रं रद्द केल्याचं स्पष्ट लिहा.

व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा माणूस, नेमण्याआधी त्याला विचारा, आणि मूळ प्रत कुठे ठेवली आहे तेही त्याला सांगा. पासवर्ड मात्र मृत्युपत्रात नकोत. ते पुढे बऱ्याच जणांच्या हातात जातं.