मागचे टायर गोटे झालेत, रिमोल्ड करू का?

भाऊ, तुमची दहाटायरी गाडी, मागचे चार रेडियल (आत पोलादी तारांचे थर असलेले टायर) गोटे झालेत, एकाच्या तारा दिसतायत, आणि कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर चढवलेली नवी नक्षी, रस्त्यात सोलून निघतं. हायवेवर पडलेली रबराची सालटी नव्या टायरचीही असतात. कमी हवा, जास्त माल, टायर तापला की निघालंच.

रबर कुठल्या कंपनीचं, हे नंतर. आधी केसिंग, म्हणजे नक्षीखालचा टायरचा मूळ सांगाडा, बघा. टायर उतरवून आत बल्ब धरा आणि तळवा फिरवा. साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) आतून सुरकुत्या किंवा निळसर पट्टा दिसला तर तो हवेशिवाय पळालाय, सरळ भंगारात. माझा आतल्या जोडीचा एक असाच होता. रिमोल्ड प्लांटवाला म्हणाला "चालतंय", मीही मान डोलावली. तिसऱ्या आठवड्यात घाट चढताना फुटला, मडगार्ड घेऊन गेला.

चारांपैकी एकाच्या तारा दिसतायत म्हणता, त्याचा नाद सोडा. पाणी तारांपर्यंत गेलं की गंज धरतो, मग वरचं रबर पकडत नाही. कायद्याची मर्यादा 1.6 मिमी असली तरी नक्षी 3-4 मिमी उरली की टायर काढायचा, तरच केसिंग वाचतं.

रेडियलला कोल्ड प्रोसेसच करा. नाव कोल्ड, पण चेंबरमध्ये 100 ते 120 अंश असतातच. हॉटमध्ये साचा साधारण 150 ला जातो, केसिंग जास्त भाजतं. कोल्डमध्ये नक्षीचा पट्टा आधीच पिकवलेला (तापवून पक्का केलेला) येतो. टायर बफ करून खरखरीत करतात, जखमा कोरून भरतात, सोल्युशन मारतात, मग कच्चा कुशन गम (जोडणारा रबराचा पातळ थर) आणि वर पट्टा. एन्व्हलप (रबरी खोळ) चढवून चेंबरमध्ये तीन-चार तास. कुशन गम पिकला की जोड बसतो. खरी गोम बफिंगनंतर आहे. घासलेला टायर पावसाळ्यात रात्रभर तसाच पडला तर ओल आणि धूळ बसते, जोड कच्चा राहतो. जमलं तर समोर उभं राहून करून घ्या. एसटीचेही स्वतःचे रिमोल्ड प्लांट आहेत, म्हणजे प्रकार काही नवा नाही.

पुढे स्टिअरिंगला रिमोल्ड टाकू नका. मागे जोडीत दोन्ही सारख्या उंचीचे लावा, नाहीतर मोठा एकटाच वजन ओढतो. हवा गेजने बघा, टॉमी (लोखंडी दांडा) मारून नाही.

आणि टायर देताना साइडवॉलवरचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. केसिंग बदलून दुसऱ्याचं गळ्यात मारतात.