बेळगावात कुत्रा, डोंगर आणि मामांची जिप्सी: जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीहून तुम्ही, यजमान आणि एक मोठा केसाळ कुत्रा दिवाळीच्या सुमारास बेळगावात येणार, मे अखेरपर्यंत टिळकवाडीत आजीच्या घरी राहणार. यजमान जर्मन. त्यांना रोज पहाटे कुत्र्याला घेऊन तासभर चालायची सवय, सुट्टीच्या दिवशी डोंगर लागतो, आणि मामांची अंगणात काही वर्षं नुसती उभी असलेली मारुती जिप्सी जीप त्यांना स्वतःच्या हातानं चालू करायची आहे. हे सगळं इथं जमेल का?

जमेल. मी दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ राहतो, उमेदीची वर्षं उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये गेली, आणि घरी एक गावठी कुत्री आहे जी मला पाचला उठवते. तुम्हाला जिप्सीची काळजी जास्त दिसते. खरं तर जिप्सी सगळ्यात सोपी. अवघड आहे तो कुत्रा.

म्हणून कुत्र्याचं आधी सांगतो, कारण त्याचं मोठं काम तिथंच, निघायच्या आधी करायचं आहे. रेबीजची लस टोचून किमान ३० दिवस झाले की कुत्र्याचं रक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवून अँटिबॉडी मोजतात. आकडा ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा त्याच्या वर यावा लागतो. रेबीजबाबत सूट असलेल्या देशांच्या युरोपीय संघाच्या यादीत भारत नाही, त्यामुळे परत जाताना हा अहवाल लागतोच. रक्त इथं येऊन काढलंत तर त्या तारखेपासून तीन महिने थांबावं लागतं. निघण्याआधी तिथंच काढून पेट पासपोर्टवर नोंद करून घेतलीत तर तीन महिन्यांची अट लागत नाही. मात्र इथं असताना लसीची मुदत संपू द्यायची नाही, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

इकडे आणताना केंद्र सरकारच्या पशु क्वारंटाइन खात्याचा ना-हरकत दाखला लागतो. कायमचं राहायला येणाऱ्यांचे आणि काही महिन्यांसाठी येणाऱ्यांचे नियम सारखे नाहीत, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्यांना लिहून विचारा. बेळगावच्या, म्हणजे सांबऱ्याच्या विमानतळावर कुत्रा परदेशातून उतरवायची सोय नाही. मुंबई किंवा बेंगळूरु गाठायचं आणि पुढं रस्त्यानं यायचं, दोन्हीकडून अंतर साधारण ५०० किलोमीटरच आहे. यजमानांना रेबीजची प्रतिबंधक लसही तिथंच घेऊन यायला सांगा. इथं रस्त्यावर कुत्री आहेत आणि ते रोज कुत्रा घेऊन हिंडणार आहेत.

फिरायचं कुठं? टिळकवाडीत राहणार म्हणजे व्हॅक्सीन डेपो तुमच्या हाकेच्या अंतरावर. मोठी झाडं, पायाखाली माती, आणि पहाटे निम्मी टिळकवाडी तिथं चालत असते. सहाच्या आत गेलात तर कुत्र्याला मोकळं वाटेल, सातनंतर क्रिकेटवाले येतात आणि मग चेंडू कोणाचा यावरून वाद. दुसरी जागा कॅम्प. रुंद सावलीचे रस्ते, जुने बंगले, रहदारी कमी. पण मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथंच आहे, तेव्हा लष्करी भागात फोटो काढायचे नाहीत आणि पहारेकऱ्यानं मागं फिरा म्हटलं की फिरायचं. काँग्रेस रोड मी कुत्र्यासाठी सुचवत नाही. गाड्या फार.

झाडी आहे म्हणून अगदी अंधारात गोल्फ मैदानाच्या कडेनं जाऊ नका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक बिबट्या जाधवनगरातून त्या मैदानात शिरला आणि आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या. शोधायला हत्तीसुद्धा आणले होते. असं रोज होत नाही, पण तिकडे उजाडल्यावरच जायला काय हरकत आहे?

आता गल्लीतली कुत्री. आपण सीमाभागातली माणसं, आपल्या सीमेचा निकाल अजून लागायचाय, कुत्र्यांच्या सीमा मात्र पक्क्या ठरलेल्या असतात. अमुक विजेच्या खांबापलीकडे आले की भुंकणार. यावर उपाय एकच: सुरुवातीला यजमानांनी आपला कुत्रा घरी ठेवून एकट्यानं त्याच वाटेनं हिंडावं, खिशात ग्लुकोज बिस्किटं ठेवावी आणि प्रत्येक टोळीतल्या म्होरक्याशी ओळख करून घ्यावी. मग आपला कुत्रा आखूड पट्ट्यावर, न थांबता, न पळता न्यायचा. हातात काठी असावी, उगारायची गरज सहसा पडत नाही. चावलंच कुठं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना, मिरची यातलं काही लावायचं नाही, शेजारच्या काकूंनी कितीही आग्रह केला तरी.

पाऊस संपल्यावर गवत वाढलेलं असतं आणि गोचीड भरपूर. तुमचा कुत्रा केसाळ, म्हणजे फिरून आल्यावर कानाच्या मागं, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या मुळाशी रोज हात फिरवून बघायचं. खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, अंग तापलं तर उद्यावर टाकू नका. गोचिडीच्या तापात उशीर महागात पडतो. उन्हाळा आला म्हणून केस भादरू नका, दुहेरी कोट, म्हणजे केसांचे दोन थर असलेल्या कुत्र्याचं ऊनही त्याच केसांनी अडतं. मार्चपासून सकाळी लवकर आणि दिवे लागल्यावर, एवढ्या दोनच वेळा. डांबरावर हाताचा मागचा भाग टेकवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. संध्याकाळी वळीव आला की मात्र बेळगावासारखी हवा नाही, साडेसातशे मीटर उंचीचा एवढा तरी फायदा.

डोंगरांचं लवकर आटपतो, कारण यजमान एकदा आले की ते मलाच नवीन वाटा सांगतील. पहिला राजहंसगड, येळ्ळूरच्या वर. शहरापासून अर्ध्या-पाऊण तासात पायथा, वरपर्यंत रस्ता आहे, आत सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि २०२३ पासून शिवाजी महाराजांचा मोठा पुतळाही. रविवारी गर्दी उसळते. कुत्रा न्यायचा तर मधल्या वारी आणि पायवाटेनं. दिवाळीच्या दिवसांत वरून येळ्ळूरची भातशेती कापणीला आलेली दिसते. ती बघायला मी अजून जातो.

दुसरा वैजनाथ, देवरवाडीचा. तिथून पुढं महिपाळगड, जिथं किल्ल्यातच गाव वसलंय. इथं गंमत अशी की तुम्ही सकाळी कर्नाटकात चहा पिऊन निघता आणि चंदगड तालुक्यात म्हणजे महाराष्ट्रात डोंगर चढता. पाट्यांची लिपी बदलते, एसटी लाल दिसायला लागते, आणि माणसं दोन्हीकडे तीच. देवळाच्या आवारात कुत्रा नेऊ नका, बाहेर कोणीतरी धरून थांबा. यजमानांचे पाय चांगले असतील तर पारगड त्यांना आवडेल. तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा तिथले किल्लेदार होते असं मानतात आणि वंशज आजही गडावर राहतात. पण तो दिवसभराचा कार्यक्रम आहे, जिप्सी चालू झाल्यावरचा. १ नोव्हेंबरला (कर्नाटकाचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस) आणि बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं त्या आठवड्यात सीमा ओलांडायचा बेत आखू नका. त्या दिवसांत बस कधी बंद होतील याचा भरवसा नसतो.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला ही नावं तुम्हाला सगळे सुचवतील. जा, जरूर जा, मलप्रभेचा उगम कणकुंबीत बघा, पण कुत्रा घरी ठेवून. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं. अस्वल, बिबट्या सगळं आहे तिथं, आणि पाळीव कुत्र्याला अभयारण्यात जागा नाही. आत जायचं तर वनखात्याची परवानगी काढा. शिवाय माकडताप. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा सापडला आणि गेल्या दहा वर्षांत सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सत्तरीतही दिसला. सत्तरी म्हणजे चोर्ल्याच्या पायथ्याशीच. तो पसरतो गोचिडीतून आणि नेमका तुमच्या मुक्कामाच्या महिन्यांत जोर धरतो. पूर्ण बाह्या, मोज्यात खोचलेली पँट, पालापाचोळ्यावर बसायचं नाही, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवायचं.

आता जिप्सी. इथं मला थोडं जास्त बोलू द्या.

सगळ्यात आधी मामांना सांगा की कोणी उत्साहानं बॅटरी लावून स्टार्टर मारू नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत तेल खाली उतरलेलं असतं, सिलिंडर कोरडे असतात. प्लग काढायचे, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पुलीला पाना लावून हातानं फिरवायचं. सहज फिरलं तर निम्मी लढाई जिंकली. टायमिंग बेल्ट डोळ्यांना चांगला दिसला तरी बदला, रबर वयानं मरतं. टाकी पूर्ण रिकामी करून आत टॉर्चचा झोत टाकून बघा, गंज असेल तर उतरवून साफ करून घ्या. नाहीतर तोच गंज पुन्हा पुन्हा कार्ब्युरेटरमध्ये येऊन बसतो आणि माणूस महिनाभर जेटच साफ करतो. पंपावर आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ऊस आपल्याच जिल्ह्यातला असला तरी जुन्या रबराला त्याचं कौतुक नाही, तेव्हा पेट्रोलचे सगळे पाईप आणि पंपाचा डायफ्रॅम नवा घाला. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पुढंही आठवडेच्या आठवडे गाडी नुसती उभी ठेवू नका.

ब्रेकवर काटकसर करू नका. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, होज पाईप, ऑइल, सगळं. टायरच्या नक्षीवर जाऊ नका, बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. जुने असतील तर डोंगराचा विचार त्याच टायरवर नको. बॉनेटखाली उंदरांनी संसार मांडला असणार हे धरून चाला आणि वायरिंग ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, हे एक काम यजमानांनी स्वतः करू नये. चारी बाजूंना स्प्रिंगचे पाटे आहेत, पाट्यांचे बुश गेलेले असतील. आणि ते बुश बाहेर निघायच्या आधीच गॅरेजवाला म्हणेल, “पार्ट येत नाही, सोडा की ही गाडी.” तेव्हा उद्यमबागेत या. बुशचं माप द्या, लेथवर करून मिळतो. ब्रेकच्या ड्रमला चरे पडले असतील तर फिरवून मिळतो, हेड फेसिंग, वॉल्व्ह लॅपिंग सगळं आवाक्यातल्या पैशात. जुन्या गाडीला बेळगावासारखं गाव नाही, हे मी गावाच्या अभिमानानं नाही, धंद्याच्या अनुभवानं सांगतो. फक्त दिवाळीचा आठवडा कामाचा धरू नका, पोरं गावाला जातात.

स्वतः हात घालणारा मालक इथल्या मिस्त्रींना सुरुवातीला खुपतो. टॉर्क रेंच काढला की हसतील. हसू द्या. यजमानांनी पहिल्या दिवशी नुसतं उभं राहून बघावं, चहा सांगावा, बदललेले पार्ट परत मागून घ्यावेत. गॅरेजात मराठी, कन्नड आणि दखनी हिंदी एकाच वाक्यात चालते. त्यांना तिन्ही येत नसल्या तरी पान्याचे नंबर सगळीकडे सारखेच. आठवडाभरात ते “टिळकवाडीचे जावई” होतील आणि मग उलट कोणी पैसे घेईना अशी अडचण.

कागदांचं: आरसीची मुदत बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि वीस वर्षांवरच्या चारचाकीला २०२५ पासून शुल्क १०,००० रुपये झालंय. ब्रेक आणि दिवे झाल्यावरच तपासणीला न्या. नवीन नंबर प्लेट, विमा, पीयूसी मामांच्या नावानंच होईल. यजमानांनी आंतरराष्ट्रीय परवाना तिथूनच आणावा.

एक कळवा: गाडी नेमकी कुठल्या सालची? ९७० सीसीची की १९९६ नंतरची तेराशेची, आणि तेराशेची असेल तर कार्ब्युरेटर की २००० नंतरची इंजेक्शनवाली? इंजेक्शनवाली निघाली तर वरचं कार्ब्युरेटरचं सगळं सोडून द्या, टाकीतल्या पंपाचं वेगळं सांगतो. बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याचा फोटो टाकलात तरी चालेल.